बार्शीचा शोधनिबंध, नांदेड-लातूरचा कोरा रकाना

'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकाच्या २ एप्रिल २००९ च्या अंकात दहा पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि त्याची भूमी होती तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा. या जिल्ह्यातील गावांचे ५२ समूह पाडून त्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत विभागणी केली होती. एका गटाची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप चाचणी झाली, तिसऱ्यात ॲसिटिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी झाली आणि चौथ्या गटाला त्या काळी जी नेहमीची आरोग्यसेवा मिळत होती तेवढीच मिळाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर आलेला निष्कर्ष स्पष्ट होता. एचपीव्ही तपासणीसाठी निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यात सापडलेले कर्करोग पहिल्या गटात ३९ होते, तुलनेच्या गटात ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला प्रथम दाखवून दिले ते उस्मानाबादच्या मुलखातल्या शेतकरी आणि मजूर बायकांनी. त्याच अंकातल्या संपादकीय टिपणाच्या शीर्षकाचा आशयही भारताकडून जगाला मिळालेला अधिक चांगला मार्ग, असाच होता.

निबंधावर अठरा जणांची नावे आहेत. पहिले नाव रेंगास्वामी शंकरनारायणन यांचे. ते तेव्हा फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत होते. दुसरे नाव बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने यांचे, तिसरे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. सुरेंद्र शास्त्री यांचे, चौथे डॉ. कस्तुरी जयंत यांचे आणि शेवटचे टाटाच्या माजी संचालक डॉ. केतायून दिनशॉ यांचे. मधल्या नावांत बुडुख, हिंगमिरे, मालवी, थोरात, कोठारी, केळकर, केसकर, पानसे अशी आपल्या कानांना ओळखीची आडनावे ओळीने येतात. आता या अठरांपैकी एखाद्याच्या संशोधनाचे मोल ठरवायचे झाले तर ते कशावर ठरवावे? आपल्याकडची विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये त्यासाठी वापरतात ती मोजपट्टी बहुतेकांना ठाऊक आहे: लेख किती, कोणत्या नियतकालिकात, इतरांनी किती वेळा उद्धृत केले, नाव कितव्या क्रमांकावर. माझे म्हणणे असे की कर्करोगाच्या संशोधकाची कारकीर्द या चार प्रश्नांनी वाचता येत नाही. त्याच्या निबंधाखाली रुग्णांची कोणती खरी नोंद उभी आहे आणि त्या निबंधानंतर कोणता निर्णय बदलला, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. उद्धरणांची संख्या या दोहोंच्या मधला भाग आहे. तोच पूर्ण हिशेब मानल्याने मराठवाड्याचे जे नुकसान झाले आहे, ते नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सर्वांत ठळक दिसते.

आधी मोजपट्टीकडे पाहू. नियतकालिकाचा प्रभावांक ही कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली ती ग्रंथपालांना आणि अभ्यासकांना साहित्य शोधायला सोपे जावे म्हणून. एच-निर्देशांक हा हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला: ज्याचे वीस लेख प्रत्येकी किमान वीस वेळा उद्धृत झाले, त्याचा निर्देशांक वीस. आकडा सुटसुटीत आहे, म्हणूनच तो पसरला. पण त्यात नाव पहिले आहे की चौदावे याला किंमत नाही, आणि एकच निबंध हजारो वेळा उद्धृत झाला तरी त्याने निर्देशांकात भर पडते ती फक्त एकाची. आपल्या नियमांनी नावाच्या क्रमाला किंमत दिली, पण ती अशी की उपाय दुखण्याहून वाईट ठरावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दोनांहून अधिक लेखक असलेल्या लेखाचे ७० टक्के गुण प्रमुख लेखकाला आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के मिळतात. या हिशेबाने जगाचे धोरण बदलणाऱ्या निबंधाच्या सहलेखकापेक्षा, कुणीही न वाचलेले दोन लेख एकट्याच्या नावावर छापणाऱ्या अध्यापकाचे गुण अधिक भरतात. वैद्यकीय परिषदेने २०१५ मध्ये काढलेला नियम याहून कडक होता. बढतीसाठी पहिल्या दोन लेखकांचेच लेख धरले जात. पुढे तो सैल झाला, पण त्या नियमाच्या काळात एखाद्या महाविद्यालयात चौथ्या क्रमांकावरच्या कस्तुरी जयंत यांच्या खात्यावर उस्मानाबादचा निबंध शून्य म्हणून धरला गेला असता.

हे शून्य किती चुकीचे आहे हे कळण्यासाठी निबंधाच्या बावीस वर्षे मागे जावे लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला तेव्हा मुंबई, बंगळूर, मद्रास या शहरांचे आकडे मिळू लागले. मुंबईची नोंदणी तर डॉ. जस्सावाला यांनी साठच्या दशकातच उभी केली होती. खेड्यांत मात्र अंधार होता. शहरात नोंदणी म्हणजे रुग्णालयांचे कागद आणि पॅथॉलॉजीचे अहवाल गोळा करणे. खेड्यात बाई मुळात रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे कागद गोळा केला तर कर्करोग नाहीच असे दिसते. १९८७ मध्ये बार्शीत सुरू झालेली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी या प्रश्नाला भिडली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, इतर दोन तालुके उस्मानाबादेत. कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे सांगत, कुणाला अंगावरून जाण्याचा त्रास आहे, कुणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे हे विचारत, आणि अशा माणसाला तपासणीसाठी बार्शीला आणत. मृत्यूंची चौकशीही गावातच होई. या कामाच्या शास्त्रीय बाजूचा भार कस्तुरी जयंत यांच्याकडे होता. त्याआधी १९७७ मध्ये त्यांनी बालकृष्णन, सांघवी आणि जस्सावाला यांच्यासह तंबाखू खाणे व ओढणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगांत वाटा किती, हे मोजून 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये मांडले होते. आकडेवारीची एवढी तयारी असलेल्या संशोधकाने भूम-परंड्याच्या वाड्यावस्त्यांवरील नोंदींत वर्षानुवर्षे घालवावीत, हा निर्णय कोणत्याही निर्देशांकात मावत नाही.

या नोंदणीतून १९९५ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये आलेला छोटा निबंध मला उस्मानाबादच्या मोठ्या निबंधाइतकाच महत्त्वाचा वाटतो. नोंदणीचे कार्यकर्ते गावांत बोलू लागल्यावर काही वर्षांतच गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले, असे त्यात दाखवले आहे. नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. मोजायला म्हणून गेलेल्या माणसांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे बायका लवकर दवाखान्यात आल्या. संशोधनात मोजणी आणि सेवा यांच्यात भिंत असते असे आपण धरून चालतो. इथे ती भिंत नव्हती. आणि १९९९ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली तेव्हा बारा वर्षांचा हाच विश्वास तिच्या कामी आला. कुठलेही लक्षण नसताना आतली तपासणी करून घ्या, असे सांगितल्यावर बोलावलेल्यांपैकी सुमारे चार-पंचमांश बायका आल्या. ज्या समाजात बाई या दुखण्याबद्दल नवऱ्यापाशीही बोलत नाही, तिथे हे प्रमाण आपोआप येत नसते.

चाचणीच्या निकालात आणखी एक गोष्ट आहे. पॅप चाचणी आणि ॲसिटिक आम्लाची पाहणी या दोन्ही गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. पॅप चाचणी पाश्चात्त्य देशांत यशस्वी झाली ती दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा केल्याने. एकदाच केली तर तिच्या नजरेतून बरेच सुटते. आम्लाची पाहणी तपासणाऱ्या परिचारिकेच्या डोळ्यावर अवलंबून असते. एचपीव्हीची चाचणी रोगाचे कारणच शोधते. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सापडतात हे दाखवले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. उस्मानाबादच्या आकड्यांत याचा पडताळा असा दिसला की पॅप चाचणी किंवा पाहणीत निर्दोष ठरलेल्या बायकांमध्ये पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण, एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते. म्हणजे या चाचणीने 'नाही' म्हटले की बाई पुढची काही वर्षे निर्धास्त राहू शकते. ज्या बाईला दवाखान्याची फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, तिच्यासाठी या निर्धास्तपणाची किंमत शहरी बाईपेक्षा मोठी आहे.

पुढे काय झाले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये या कर्करोगाच्या निर्मूलनाचे धोरण जाहीर केले आणि २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच प्रथम पसंती दिली: वयाच्या तिसाव्या वर्षापासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. हे घडवण्यात अनेक देशांतील संशोधन आहे, पण एचपीव्ही तपासणी आणि तपासणीचा अभाव यांची मृत्यूच्या आकड्यांत तुलना उस्मानाबादने दिली. बार्शीचा दुसरा वाटा लशीत आहे. २००९ मध्ये भारतात सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करायची होती आणि बार्शी हे त्याच्या केंद्रांपैकी एक होते. २०१० च्या एप्रिलमध्ये आंध्र आणि गुजरातमधील एका वेगळ्याच प्रकल्पातील मुलींच्या मृत्यूंवरून वाद उठला आणि केंद्र सरकारने सर्वच चाचण्यांतले लसीकरण थांबवले. ते मृत्यू लशीमुळे झाले नसल्याचे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर सुमारे पाच हजार मुली एकाच मात्रेवर राहिल्या होत्या. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही, दहा वर्षे पाठपुरावा केला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कोलॉजी'त निष्कर्ष आला की विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक मात्रा जवळपास तीन मात्रांइतकेच संरक्षण देते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक मात्राही पुरेशी मानली, ती ज्या पुराव्यांवर, त्यांत हा अभ्यास होता. जगातील गरीब देशांचा लशीचा खर्च त्याने कमी झाला. थांबलेल्या अभ्यासातील मुलींचे पत्ते जपून ठेवणाऱ्या माणसांचे हे यश आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही निबंधावर नाहीत.

आता लातूर आणि नांदेड. लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबादचाच भाग होता. माणसे, जमीन, बोली, लग्नसंबंध सारे एक. बार्शी ते लातूर या नॅरोगेज रेल्वेने दोन्ही गावे किती जवळ आणली होती हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. नांदेडला १९८८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला २००२ पासून. १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला, त्याचे उपकेंद्र लातूरला. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून उभे आहे. म्हणजे संस्थांचा दुष्काळ नाही. तरीही राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० मध्ये आलेला अहवाल उघडला तर देशातील २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांत महाराष्ट्राच्या सात दिसतात: मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड. नांदेड नाही, लातूर नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ५८ लाख भरते. एवढ्या लोकांत दरवर्षी किती जणांना कोणता कर्करोग होतो, किती जण पहिल्या टप्प्यात कळतात, किती जण उपचार अर्ध्यावर सोडतात, याचे उत्तर त्या अहवालात शेजारच्या जिल्ह्यांच्या आकड्यांवरून अंदाजाने काढावे लागते. देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसने परळला टाटात जाणारा रुग्ण मुंबईच्या रुग्णालयाच्या कागदावर येतो. हैदराबादला गेलेला तिथल्या कागदावर येतो. त्याच्या स्वतःच्या जिल्ह्याच्या खात्यावर तो येत नाही.

नोंद नसली की भीतीला मोकळे रान मिळते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचे प्रमाण उघडकीला आले तेव्हा २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. 'ठेवली तर कॅन्सर होईल' ही भीती दाखवूनच यांतल्या अनेकींना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेले गेले होते. ज्या मुलखाने जगाला अचूक तपासणी दिली, त्याच्याच कडेला तपासणीऐवजी अवयव काढून टाकणे हा प्रतिबंध ठरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत निघाले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार या कर्करोगाचे भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू होतात. निबंधाचे उद्धरण जगभर झाले आणि त्याची अंमलबजावणी त्याच्या घरच्या शिवारात झाली नाही, ही दोन विधाने एकाच वेळी खरी आहेत. संशोधनाच्या प्रभावाचा हिशेब मांडणाऱ्याने ती दोन्ही लिहिली पाहिजेत.

यावर पहिला आक्षेप प्रयोगशाळेतून येईल, आणि तो वजनदार आहे. सगळे संशोधन गावात जाऊन करायचे नसते. मूलभूत कामाचे फळ दिसायला दशके लागतात, आणि ते आजच्या निर्णयात दिसत नाही म्हणून त्याला कमी लेखणे घातक ठरेल. त्सुर हाउझेन नसते तर उस्मानाबादची चाचणीच नसती. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि दोनशेहून अधिक निबंध लिहिले. त्यांच्या कामाचे मोल गावातल्या मृत्यूंवरून करणे अन्यायाचे होईल. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच कसोटी 'किती जीव वाचले' ही नसावी. ती असावी: या कामावर पुढच्या माणसाला काही उभे करता आले का? रणदिव्यांच्या प्रयोगशाळेवर पुढची पिढी उभी राहिली. पण आज देशभरच्या रसायनशास्त्र आणि औषधनिर्माण विभागांतून नवे संयुग बनवून ते कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिल्याचे जे असंख्य लेख निघतात, त्यांतल्या बहुतेकांना ही कसोटी लावली तर उत्तर काय येते हे त्या क्षेत्रातले लोक जाणतात. संयुगांच्या चाचणीत ज्या हीला पेशी सर्रास वापरल्या जातात, त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीच्या. १९५१ मध्ये ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली आणि तिच्या परवानगीशिवाय घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. तिचा कर्करोग एचपीव्हीच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराने झाला होता. त्याच विषाणूने, त्याच अवयवाच्या कर्करोगाने जाणारी बाई विद्यापीठाच्या हद्दीतल्या गावात राहते आणि तिची मोजणी करणारे कुणी नाही, ही गोष्ट कर्करोगावर काम करणाऱ्या प्रत्येक विभागाला अस्वस्थ करायला हवी. संयुगे बनवणे थांबवा असा त्याचा अर्थ नाही. गुणांचे कोष्टक एका कामाला झटपट फळ देते आणि दुसऱ्याला वीस वर्षे उपाशी ठेवते, हा त्याचा अर्थ आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आकडे काढून टाकले तर उरेल वशिला. निदान लेख मोजले की ओळखीपाळखीला थोडा आळा बसतो. मराठवाड्यातल्या, मोठ्या शहरांच्या वर्तुळाबाहेरच्या अध्यापकाला आकडाच न्याय देतो, असेही म्हणता येईल. यातला अनुभव खोटा नाही. पण आकडा वशिल्याला रोखतो हा समज पुरावा पाहता फार टिकत नाही. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीची छाननी प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली त्यांतली ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. पैसे भरून छापणाऱ्या दुकानांनी यादीतच जागा मिळवली होती. त्यानंतर आयोगाने नवी यादी काढली आणि २०२५ मध्ये तीही गुंडाळली. म्हणजे मोजणाऱ्यांनीच मोजमाप दोनदा बदलले. संशोधनाचा दर्जा नियतकालिकाच्या प्रभावांकावरून ठरवू नका, असे सॅन फ्रान्सिस्कोतल्या जाहीरनाम्याने २०१३ पासून सांगितले आहे. त्याला पर्याय म्हणून वशिला नको. अध्यापकाने आपली तीन-चार कामे निवडावीत, त्यांमागची सामग्री खुली ठेवावी आणि बाहेरच्या जाणकारांनी ती वाचून मत द्यावे. त्याला वेळ लागतो हे खरे. पण माणसाच्या आयुष्यभराच्या कामाचा निकाल देताना वेळ लागावा, यात गैर काय?

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो उस्मानाबादच्या निबंधाविरुद्धच आहे. तपासणीने कर्करोग टळतो हे जगाला दशकांपासून माहीत असताना एका गटाला तपासणीशिवाय का ठेवले? एरिक सुबा या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये हाच प्रश्न उभा केला. उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडीगल या तीन चाचण्यांत मिळून तपासणीविना ठेवलेल्या १,३८,६२४ स्त्रियांत किमान २५४ मृत्यू झाले, ही त्याने मांडलेली बेरीज. संशोधकांची बाजू अशी की त्या काळी त्या जिल्ह्यात कुणालाच तपासणी मिळत नव्हती, म्हणून तुलनेच्या गटाकडून काही हिरावून घेतले गेले नाही. शिवाय पॅप चाचणी ग्रामीण भारतात चालते हे गृहीतच होते, सिद्ध नव्हते, आणि निकालात ती एका फेरीत खरोखरच पुरी पडली नाही. हा बचाव मला शास्त्रीय अंगाने पटतो. चाचणी न करता सरकारने सर्वत्र एका फेरीची पॅप सुरू केली असती तर पैसा खर्चून मृत्यू फारसे घटले नसते, हे आपल्याला याच चाचणीमुळे कळले. पण नैतिक हिशेब एवढ्याने मिटत नाही. त्या ६४ मृत्यूंच्या आधारावर एक ज्ञान उभे राहिले, आणि ते ज्ञान वापरले जाण्याची जबाबदारी त्यातून निर्माण झाली. चाचणी योग्य होती असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने तिचा निष्कर्ष मराठवाड्यात लागू व्हावा यासाठी सर्वांत आधी आग्रह धरला पाहिजे. निष्कर्ष कपाटात राहिला तर बचावाचा मुख्य आधार निघून जातो.

इथे कुणी म्हणेल की अंमलबजावणी सरकारचे काम, तिचा दोष संशोधकाच्या माथी कशाला. दोष मी देत नाही. नेने, जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या वाट्याहून अधिक केले आहे. सरकारी कार्यक्रमाने २०१६ च्या आराखड्यात ॲसिटिक आम्लाची पाहणी निवडली त्यामागे खर्चाचे आणि लगेच निकाल मिळण्याचे कारण होते, तेही समजण्याजोगे आहे. दिंडीगलच्या चाचणीत त्या पाहणीने मृत्यू कमी झाले होते आणि मुंबईच्या चाचणीतही झाले. पण तेव्हापासून परिस्थिती बदलली आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर पोहोचली आहेत आणि एचपीव्हीची चाचणी त्याच यंत्रावर करता येते. पुण्याच्या सीरम संस्थेची एचपीव्ही लस २०२२ मध्ये मंजूर झाली. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, त्यामुळे संकोचाची मोठी अडचणही कमी होते. महाग आहे हे उत्तर २००९ मध्ये पुरेसे होते, आज ते नव्याने हिशेब करून द्यावे लागेल. आणि तो हिशेब करायला जिल्ह्याचे आकडे लागतात, जे नांदेड-लातूरकडे नाहीत.

म्हणून सुरुवात नोंदणीपासूनच व्हायला हवी, आणि ती दोन्ही शासकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यक विभागांना आजच्या मनुष्यबळात एकेका तालुक्यापुरती करता येण्यासारखी आहे. दोन्ही शहरांतल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे अहवाल, ग्रामपंचायतींच्या मृत्यूनोंदी, जनआरोग्य योजनेखाली झालेल्या उपचारांच्या याद्या, बार्शी, सोलापूर, संभाजीनगर, हैदराबाद आणि परळला गेलेल्या रुग्णांची नावे, आणि या सगळ्यांतून एकच माणूस दोनदा येऊ नये यासाठी आशाताईंकडून गावातली खातरजमा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध दरवर्षी होतातच, ते या एका कामाला जोडता येतात. पहिली पाच-सात वर्षे अशा नोंदणीतून मोठ्या नियतकालिकात छापण्याजोगे फारसे काही निघणार नाही. बार्शीतही नोंदणीपासून चाचणीपर्यंत बारा आणि छापील निकालापर्यंत बावीस वर्षे गेली. त्या कोरड्या वर्षांत हे काम धरून ठेवणाऱ्या अध्यापकाची बढती लेखांच्या संख्येवर अडू नये. किती गावे नोंदीत आली, किती मृत्यूंची खातरजमा झाली आणि आकडे इतरांना वापरायला खुले झाले का, यावर ती ठरावी. हा बदल करण्याचा अधिकार विद्यापीठाच्या आणि वैद्यकीय शिक्षण विभागाच्या निवड समित्यांकडे आहे.